आधी नाव, मग निरोप

आमच्या गावात वॉकीटॉकी आली तेव्हा तिच्यावरून गेलेला पहिला निरोप असा होता: "रस्सा उकळला का? उकळला असंल तर बोलवा, नसंल तर उगं हाका मारू नका." निरोप देणारा माझा नवरा विश्वजित, शाळेच्या मैदानात उभा. घेणारी मी, शाळेमागच्या आमच्या स्वयंपाकघरात. अख्खं मैदान हसलं. शिकवायला जिल्ह्यावरून आलेली प्रियदर्शनी तेवढी हसली नाही.

ती म्हणाली, "आवाज स्पष्ट होता. पण हाक कुणाला मारली? इथं दहा घरांत रस्सा उकळत असेल."

"त्यात काय एवढं, माझ्या आवाजावरनं बायकोला कळतंय की," विश्वजित म्हणाला. माझा नवरा असाच आहे. तोंडाचा पट्टा सुटला की गावाला ऐकू जातो, आणि कुणी काही सांगायला लागलं की वाक्य पुरं व्हायच्या आत 'बरं बरं' म्हणून मोकळा. आम्ही दोघं एकमेकांना नावानंच हाक मारतो. सासूबाईंना ते अजून पचलेलं नाही, पण त्यांची आता तक्रारही उरलेली नाही.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. बाजाराला जयसिंगपूर आणि पुराला आम्ही, अशी वाटणीच झालेली. मागच्या पुरात मोबाईलचा टॉवर बंद पडला आणि गावातल्या दोन बोटी दोन दिशांना फिरत राहिल्या. एकाच घराकडे दोन्ही गेल्या, आणि ज्यांच्याकडे जायचं ते कौलांवर बसून राहिले. म्हणून तरुण मंडळानं पुढच्या गणपतीत डॉल्बी लावला नाही आणि त्याऐवजी तीन सेट आणले. एक शाळेच्या गच्चीवर राहणार, एकेक बोटीत.

प्रियदर्शनीनं दिवसभर शिकवलं. बटन दाबायचं, मनात 'एक' म्हणायचं आणि मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी, तेही दोनदा, मग आपलं. जागेचं नाव स्पष्ट सांगायचं. ऐकणाऱ्यानं निरोप परत म्हणून दाखवायचा. नुसतं हो म्हणायचं नाही. आपलं बोलणं झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि बटन सोडायचं.

"सोडायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं," ती म्हणाली. "एकाचं बटन दाबलेलं असेल तोवर बाकीचे सगळे मुके. आणि दाबणारा स्वतः बहिरा. त्याला कुणाचंच ऐकू येत नाही."

हे सगळं मनापासून ऐकणारा माणूस एकच होता, आमच्या शेजारचे श्रीपालअण्णा. साठीला आलेले, ऊस आणि वांगी पिकवणारे, औषधाच्या बाटलीवरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. मंडळाची निळ्या ताडपत्रीची बोट त्यांच्याच हाती असायची, कारण गावात पाण्याची रीत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. दुसरी बोट विश्वजित चालवायचा. त्यांची बायको सीताक्का. दोघांना मूलबाळ नाही. इतर बायका नवऱ्याला 'अमक्याचे पप्पा' म्हणून वेळ मारून नेतात, अक्काला तीही सोय नव्हती. ती आपली जन्मभर 'अहो' म्हणत आली.

प्रियदर्शनीनं अक्काच्या हातात सेट दिला. अण्णा मैदानाच्या त्या टोकाला होते. "त्यांना नावानं हाक मारा, काकू."

अक्कानं पदर तोंडावर घेतला, सेट पदराच्या आत नेला आणि म्हणाली, "अहो."

मैदानाच्या टोकावरून अण्णा, विश्वजित आणि किराणा दुकानवाला बाळासो, तिघंही एकदमच 'ओ' म्हणाले. लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. अण्णा सेटवरून म्हणाले, "प्रियदर्शनी, प्रियदर्शनी, श्रीपाल बोलतोय. तिच्या जिभेवर माझं नाव यायचं न्हाय. लग्नात उखाण्यात घेतलंतं तेच शेवटचं. ओव्हर."

अक्का लाजली आणि तिनं सेट सवयीनं कमरेला खोचला. किल्ल्या, मोबाईल, मिस्रीची डबी, तिचं सगळं कमरेलाच असतं. सेटमधून लगेच तिच्या साडीची खसखस सगळ्या मैदानाला ऐकू यायला लागली. प्रियदर्शनीनं तो हळूच काढून घेतला. "असा खोचू नका, काकू. बटन दबतं." अक्कानं मान हलवली. मान हलवायला काय जातंय?

त्यानंतर दोन महिन्यांनी पाणी आलं.

पाणी चढायचा आमचा अंदाज नेहमीचा होता आणि पाणी नेहमीसारखं चढलं नाही. खालची गल्ली गेली, देवळाच्या पायऱ्या गेल्या, वीज बंद केली, टॉवर गेला. गाव शाळेच्या वरच्या मजल्यावर आलं. मी गच्चीवर सेट घेऊन बसायचे, डोक्यावर छत्री, सेटवर प्लास्टिकची पिशवी. एरिअल सरळ उभी, पत्र्यापासून लांब. कोण कुठं आहे ते सगळं त्या पिशवीतून मला कळत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा माजही आला होता.

नदीकडच्या मळ्यात दोन घरं राहिली होती. एक धोंडुआजीचं. ऐंशीची म्हातारी, म्हशीला सोडून यायला तयार नव्हती; तिला आणायला अण्णा आधीच गेले होते. दुसरं मोनाचं. मोना बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. पाणी उंबऱ्याला लागल्यावर तिनं काठीला पांढरं फडकं बांधून हलवलं. ओल्या बाळंतिणीला आणायचं म्हणजे सोबत बाई हवी. मी उठले. गच्चीवर दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा सीताक्का म्हणाली, "जा की तू. मी बसतो हितं. मला काय ते मशीन खातंय व्हय?"

"नुसतं ऐकायचं, अक्का. आणि बोलायची वेळ आलीच तर आधी नाव घ्यायचं."

"जा गं. लई शिकवू नकोस."

विश्वजितच्या बोटीतून निघाले, बोटीतला सेट माझ्या गळ्यात. जाताना काही झालं नाही. गावातून मळ्याकडे जवळची वाट एकच होती, मळ्याच्या रस्त्यावरून. दोन्ही बाजूंना बुडालेला ऊस. त्यात बोट घातली की पंख्यात पाचट अडकून इंजिन बसलंच म्हणून समजा. रस्त्यावर मात्र पाणी मोकळं होतं आणि कडेच्या विजेच्या खांबांवरून रस्ता कुठं आहे ते कळायचं. निम्म्या वाटेत ओढा. ओढ्यावर मोरी, मोरीच्या दोन्ही अंगाला उंच मातीचा भराव. त्या भरावावरून आमची बोट सहज सरकली. खाली कंबरभर पाणी असेल.

मोनाला आणि बाळाला घेतलं. ती रडत नव्हती. बाळाला छातीशी धरून फक्त पाण्याकडे बघत होती. परत फिरलो तेव्हा पाऊस जरा उघडला होता. आमच्या पुढं बऱ्याच अंतरावर अण्णांची निळी ताडपत्री दिसली. ताडपत्रीखाली धोंडुआजी बसलेली, बोचकं पोटाशी घेऊन. म्हशीला शेवटी उंचावर सोडावं लागलं होतं. दोन्ही बोटी एकाच वाटेनं गावाकडे चालल्या होत्या. ते पुढं, आम्ही मागं.

तेवढ्यात सेट खरखरला.

"अहो! अहो, तिकडनं येऊ नका. थांबा तिथंच. ऐकलं का?"

विश्वजितनं माझ्या गळ्यातला सेट ओढला, बटन दाबलं, "बरं बरं, थांबलो, थांबलो," म्हणाला आणि सोडलं. मग इंजिन बारीक करून त्यानं बोट रस्त्याकडेच्या चिंचेला लावली. झाडाचा शेंडा तेवढा पाण्यावर होता. मी फांदी धरली.

"का थांबलो?" मी विचारलं.

"काय म्हाईत. थांबा म्हणाली, थांबलो."

"तुला म्हणाली का?"

 पहिलं खरं सांगते. मला बरं वाटलं. काय झालंय ते माहीत नव्हतं, पण काहीतरी झालंय आणि आपण थांबलोय, बाळ थांबलंय, माझा नवरा थांबलाय, एवढंच माझ्या मनात आलं. पुढची निळी ताडपत्री चाललेली दिसत होती, तरी ते डोक्यात शिरायला वेळ लागला.

मग शिरलं. अक्कानं हाक अण्णांना मारली होती. उत्तर आम्ही दिलं होतं. तिनं नाव घेतलं नाही, आणि माझ्या नवऱ्यानं आपलं सांगितलं नाही. सेटमधून सगळ्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. तिला जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं. आणि इंजिनाच्या आवाजात अण्णांनी काही ऐकलं असेल तर एवढंच, की कोणीतरी कुणाला तरी थांबायला सांगितलं आणि तो थांबला. म्हणजे मिटलं.

मी सेट घेतला. बटन दाबणार तोच लाल दिवा लागला, म्हणजे कोणाचं तरी बटन दाबलेलं होतं. आतून साडीची खसखस यायला लागली.

 अक्कानं सेट कमरेला खोचला होता.

मी कानाला लावून ऐकू लागले. कापडातून, लांबून, पुटपुटणं येत होतं. "णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं..." ती नवकार मंत्र म्हणत होती. नवरा वाचला म्हणून देवाचे आभार मानत होती, आणि तिचा नवरा माझ्या डोळ्यांसमोर चालला होता. मधेच एका पुरुषाचा आवाज आला. गुंडूमामा. त्याला पंचायतीनं ओढ्याच्या अलीकडच्या उंचवट्यावर पाण्यावर नजर ठेवायला बसवलं होतं, आणि बहुतेक तोच गळ्याइतक्या पाण्यातून धापा टाकत बातमी घेऊन आला होता.

"मोरी सगळी गेली, वहिनी. भराव फुटला. हत्ती जाईल एवढं भगदाड हाय. अख्ख्या मळ्याचं पाणी तिथनं ओढ्यात पडतंय. बरं झालं श्रीपाल थांबला, न्हाईतर घासच व्हता."

 विश्वजितनंही ऐकलं. त्याचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. 

मी बटन दाबलं. "श्रीपालअण्णा, श्रीपालअण्णा, क्रांती बोलतेय, मोरी..." पण दाबलेल्या बटनावर काय जाणार? माझा सेट ठणठणीत होता, पण आवाज जाऊन जाऊन अक्काच्या कमरेच्या खसखशीवर आपटून परत येत होता. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तीन सेट, एकच वाट, आणि त्या वाटेवर अक्का देवाचं नाव घेत आडवी बसलेली.

"अण्णाऽऽ!" विश्वजित उभा राहून ओरडला. बोट डुलली, मोना किंचाळली. एरवी त्याची हाक शेजारच्या गावात जाते. पण अण्णांचं इंजिन पूर्ण सोडलेलं, वारा आमच्या तोंडावर. निळी ताडपत्री तशीच चालली होती. मी शिट्टी फुंकली, जॅकेटला बांधलेली, गाल दुखेपर्यंत. कोणी मागं बघेना.

"चल, गाठूया," मी म्हणाले.

"गाठायचं म्हणजे भगदाडाकडंच की गं," तो म्हणाला. त्यानं मोनाकडे आणि बाळाकडे बघितलं. "एकदा ओढीत घावलो तर दोन्ही बोटी जातील."  मी त्याच्यावर ओरडले नाही. तो खरं बोलत होता, आणि मला त्याचा राग आला होता, दोन्ही.

मोरीकडचं पाणी वरून सपाटच दिसत होतं. तीच तर भीती. भगदाड डोळ्याला दिसत नाही. जवळ गेल्यावर बोटीला ओढ लागते, आणि तेव्हा इंजिन मागं घ्यायला उशीर झालेला असतो. मला फक्त एवढं दिसलं, की पाण्यावरून वाहत आलेली एक कडब्याची पेंढी अण्णांच्या पुढं चालली होती, हळूहळू, मग एकदम जोरात, आणि मग नव्हतीच.

सेटमधून अक्काचा आवाज आला, आता प्रार्थना नाही. "गुंडूभावजी, ती कुठली बोट चाललीया?"

"कुठं?"

"ती काय. निळी."

 फक्त श्वास. गुंडूमामा काहीतरी म्हणाला, ते कळलं नाही. मग जोरात खसखस, कट् असा आवाज, आणि लाल दिवा विझला.

सेट कमरेतून बाहेर आला होता. वाट मोकळी झाली. मी अंगठा दाबला आणि ओरडले, "श्रीपालअण्णा!" पण त्याच घडीला तिनंही दाबलं होतं, आणि सेटमधून नुसती कानठळ्या बसवणारी किंकाळी आली. दोघींचा आवाज एकमेकींत अडकून मेला. मी सोडलं, पुन्हा किंकाळीच. तीही घाईनं दाबत-सोडत होती. प्रियदर्शनीनं सांगितलं होतं, दोघं एकदम बोलले तर कोणाचंच पोचत नाही, एकानं थांबायचं. थांबायचं कोणी?

मला आवाज होता, मला नाव घेता येत होतं, मला जागा सांगता येत होती. तिला यातलं काहीच जमत नव्हतं. पण तिला माझा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणजे ती काही थांबणार नव्हती. मग मीच अंगठा उचलला. त्या अंगठ्याला उचलायला जेवढं बळ लागलं, तेवढं मला बाळंतपणातही लागलं नव्हतं.

"अहो," सेटमध्ये अक्का म्हणाली.

"नाव घे, अक्का!" मी हातातल्या मुक्या डब्यावर ओरडत होते. "नाव घे, नाव घे की गं!"

"अहो... अहो, तुम्ही... अहो."

पुढच्या बोटीचा रोख बदलला. अण्णा वळवत नव्हते, पाणीच वळवत होतं. धोंडुआजीनं बोचकं सोडून कडेला हात धरलेला दिसला.

सेटमध्ये श्वास. एक. दुसरा. बटन दाबलेलंच. चाळीस वर्षांचा संसार त्या श्वासात कुठंतरी अडकून बसला होता. आणि मग असा आवाज आला, की तो अक्काचा आहे हे मला आधी कळलंच नाही.

"श्रीपाल!"

आणि लगेच, "श्रीपाल! थांब! मोरी गेली! मागं फिर, श्रीपाल!"

थांबा नाही. थांब.

पुढच्या बोटीचं इंजिन बंद झालं.

अण्णांनी नंतर सांगितलं, की सेटमधून मघापासून काहीतरी पुटपुट येत होती, ते लक्षच देत नव्हते. पण आपलं नाव त्या आवाजात ऐकलं आणि हात आपोआप इंजिनावर गेला. काहीतरी आक्रीत झाल्याशिवाय ही बाई हे नाव घेणार नाही, एवढंच त्यांना कळलं. मोरी गेली हे कानात नंतर शिरलं.

पण बोट काही जागेवर थांबली नाही. बंद इंजिनाची बोट ओढीत तशीच सरकत राहिली, आता तर जास्तच जोरात. अण्णांनी दोरी उचलली आणि कडेच्या विजेच्या खांबाकडे टाकली. पहिली चुकली. दोरी पाण्यातून ओढून घेताना ते गुडघ्यावर पडले. दुसरी खांबाच्या आडव्या पट्टीत अडकली. दोरी ताणली, बोट गर्रकन फिरली, धोंडुआजी कडेवर आपटली, आणि बोट खांबाशी लोंबकळून उभी राहिली. मागचा भाग अजून मोरीकडे तोंड करून थरथरत होता.

"बांध, अण्णा, बांध!" विश्वजित नुसता पुटपुटत होता. त्यांनी बांधली. एक गाठ, दुसरी गाठ. मग इंजिन सुरू करून पूर्ण सोडलं. बोट जागच्या जागी गुरगुरली आणि वितभर आमच्याकडे सरकली. मग हातभर. दोरीची ओढ सैल झाली तसे ते एका खांबावरून मागच्या खांबावर आले, दोरी सोडत, दोरी टाकत.

सेटमध्ये मात्र अक्का थांबली नव्हती.

"श्रीपाल. श्रीपाल. श्रीपाल." आता ती ओरडत नव्हती. एखादं पोर काळोखात आईला विचारतं तसं विचारत होती. मधे पावसाची नवी सर आली होती. गच्चीवरून तिला आता काहीच दिसत नव्हतं. आणि बटन दाबलेलं असल्यामुळं काही ऐकूही येत नव्हतं. अण्णांनी एका हातानं सेट तोंडाशी नेलेला मला दिसला. दोनदा नेला, दोनदा खाली केला. त्यांचा आवाज जात नव्हता.

"सोड, अक्का," मी म्हणाले. आता ओरडायलाही घसा उरला नव्हता. "बटन सोड. जिवंत हाय तो. सोड की."

ती सोडत नव्हती. मला तेव्हाच कळलं, की ती विसरली नव्हती. ती घाबरली होती. जोवर ती बोलत होती, तोवर उत्तर न येण्याचं कारण तिच्याच अंगठ्याखाली होतं. अंगठा उचलला आणि तरी उत्तर आलं नाही, तर?

मोनाचं बाळ रडायला लागलं. मोनानं त्याला पदराखाली घेतलं आणि आम्ही सगळेच त्या सेटकडे बघत राहिलो.

शेवटचं 'श्रीपाल' अर्ध्यातच तुटलं. कट्. लाल दिवा विझला.

विश्वजितनं हात पुढं केला, मी त्याच्या हातावर चापट मारली. ही जागा आमची नव्हती.

खरखर. मग अण्णांचा आवाज, धाप लागलेला, पण पहिला शब्द कापला जाऊ नये म्हणून बटन दाबल्यावर थांबून घेतलेला.

"सीता, सीता, श्रीपाल बोलतोय. मोरी गेली, मागं फिर, ऐकलं. मागं फिरलोय. म्हातारी बरी हाय. ओव्हर."

त्यांनीही तिला कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. 'अगं'च असायचं.

ओव्हर म्हणजे आता तुझी पाळी. अण्णा वाट बघत होते, आम्हीही. मग दिवा लागला, आणि अक्का रडत होती. शब्द एकही नाही. नुसतं रडणं, आणि बटन सोडायला तिला कोणीही सांगितलं नाही.

आम्ही माळावरच्या देवळाकडून लांबचा वळसा घालून आलो. आमची बोट पुढं, अण्णांची मागं, अंतर ठेवून.  शाळा दिसल्यावर विश्वजितनं माझ्याकडे सेट मागितला, बटन दाबलं, थांबला आणि म्हणाला, "श्रीपालअण्णा, श्रीपालअण्णा, विश्वजित बोलतोय. मघाशी थांबलो म्हणाला तो मी व्हतो. माझं चुकलं. ओव्हर."

"विश्वजित, विश्वजित, श्रीपाल बोलतोय. पुढं बघून चालव. ओव्हर."

शाळेच्या पायऱ्यांना पाणी लागलं होतं. अक्का शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी होती, पदर खोचलेला, सेट हातात. धोंडुआजीला उतरवलं, मोनाला उतरवलं, तोवर ती हलली नाही. अण्णा उतरले. दोरीनं सोललेले तळहात त्यांनी अंगाशी धरले होते.

"अहो," अक्का म्हणाली, "हात बघू."

अण्णा तसेच उभे राहिले. "हाक कुणाला मारली?"

पायऱ्यांवर अर्धं गाव होतं. मला वाटलं, आता ही पदर तोंडावर घेणार. पण तिनं घेतला नाही.

"श्रीपाल," ती म्हणाली. "हात बघू."

त्यांनी हात पुढं केले. तिनं ते आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि सोडले नाहीत.